पाटी, दादाजी आणि किनारी फाँट

कापडाच्या दुकानात कटपीस कोणी ठरवून साठवत नाही. थान संपत येतं, शेवटी हात-दीड हात कापड उरतं, त्याचा ब्लाउजही होत नाही, म्हणून ते काउंटरखाली सरकवलं जातं. वर्षभरानं सहज वाकून पाहावं तर खाली अख्खी गादी भरेल एवढा ढीग! आमच्या दुपारच्या बैठकीतल्या किस्स्यांचं तसंच झालं आहे. एकेकाचा सदरा होणार नाही, पण टाकवतही नाहीत. आज ढीग उपसायला घेतलाच आहे, तर एका रंगाचे तेवढे बाजूला काढतो. हे सगळे पाटीचे.

माझं कापडाचं दुकान लाखांदूरला आहे. आसपासच्या गावांतले लोक सकाळच्या एसटीनं येतात, तहसीलची आणि बँकेची कामं उरकतात, परतीच्या गाडीआधी कापड बघतात. मधल्या दुपारी बाजार झोपतो. त्या वेळात माझ्या गादीवर चौघांची बैठक बसते. एक मी. माझी शाळा आठवीत सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. दुसरे मारोतराव, पवनीकडचे विणकर. घरात एक हातमाग अजून चालू ठेवला आहे आणि जगातली कुठलीही गोष्ट ते उभ्या-आडव्या धाग्यांत मोजतात. तिसरा गजू, समोरच्या छपाईच्या दुकानाचा मालक. तालुक्यातल्या लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स त्याच्याच हातचे. चौथे, म्हणजे खरं तर पहिले, दादाजी.

दादाजी दिघोरीचे. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. त्यांचं काम वाचायचं, आमचं ऐकायचं, असा बैठकीचा नियम. आवाज असा की भरल्या गाडीत ड्रायव्हरपर्यंत पोचायचा, तो माझ्या दुकानात मागच्या गोदामापर्यंत पोचतो. वाचताना मध्येच थांबून विचारतात, "कोनी मागं राहिलं काय?" मग ज्याला डुलकी लागली तो सावरून बसतो. आधी ते वाचनालयातली पुस्तकं आणायचे. एका दिवाळीला माझी पुण्याची मुलगी आली आणि तिनं मला ई-रीडर दिला. "पप्पा, यात अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं," म्हणाली. मारोतरावांनी ते हातात घेऊन मागून-पुढून पाहिलं आणि म्हणाले, "हे त पाटी होय." त्या दिवसापासून ती पाटी.

* * *

पहिलं भांडण झालं ते अक्षराच्या मापावरून. वाचणार एकटे दादाजी, पण बाजूनं डोकावणार सगळेच. गजूचे डोळे तरुण, त्याला बारीक अक्षर पाहिजे. मारोतरावांना मसुरीच्या दाण्याएवढं, मला वाटाण्याएवढं. दादाजी म्हणाले, "वाचनाऱ्याच्या सोयीचं ठेवा, बाकीचे उभे राहून प्रवास करतीन."

आता कापडवाल्याला माप घेतल्याशिवाय चैन पडत नाही. मी गळ्यातला टेप काढला आणि अक्षर मोजायला बसलो. गजू गंभीरपणे म्हणाला, "शेठ, वेलांटी धरून घेऊन राहिले की सोडून?"

"धरून. घेरात येते ती."

पाटीत अक्षराचे नंबर असतात, बुटांसारखे. बराच घोळ घालून मी सगळ्यांना चालेल असा एक नंबर काढला. मारोतरावांनी मान हलवली.

"एक नंबर मोठं ठेवा, शेठ. पहिल्या धुन्यात आटते."

कोणीच हसलं नाही. मी एक नंबर मोठं ठेवलं.

* * *

त्यानंतर अक्षर आटलं नाही, वाढत गेलं. दर पंधरा-वीस दिवसांनी दादाजी पाटी डोळ्यांजवळ नेत, लांब नेत आणि म्हणत, "शेठ, एक नंबर चढवा न."

मुलीनं पाटीत एका बंगल्यातल्या खुनाची कादंबरी भरून दिली होती. सुरुवातीला खालच्या कोपऱ्यात पानं दिसायची चारशेच्या आसपास. अक्षर चढलं तशी पानं हजारात गेली. हे पाहून गजू अस्वस्थ झाला.

"शेठ, हे पुस्तक संपनार कसं? आपन वाचतो त्याच्याहून जोरात वाढून राहिलं."

"घाबरू नोको," दादाजी म्हणाले. "गाडी तेच, रस्ता तोच. थांबे वाढले फक्त."

शेवटी शेवटी एका पानावर चार शब्द मावायचे. दादाजी तिकीट फाडल्यासारखं पान उलटायचे, तेही अंगठ्याला थुंकी लावून. थुंकीनं पाटी बावचळायची आणि एका फटक्यात दहा पानं पुढे जायची. आम्हाला वाटायचं आता गोष्ट तुटणार. पण दादाजींची गोष्ट कधी तुटली नाही. मी मनात म्हणायचो, सरावाचा माणूस आहे, चालत्या गाडीत हिशेब करणारा.

* * *

एक दिवस रामटेके वहिनी दुकानात आल्या. वहिनी म्हणजे दादाजींच्या पत्नी. साडी बघायच्या निमित्तानं आल्या, पण बोट एकाच साडीवर ठेवून बोलत राहिल्या तेव्हा मी ओळखलं की खरेदी वेगळी आहे.

"भाऊजी, ह्याईले तुमीच समजावा. दोनी डोळ्यात मोतीबिंदू हाय. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगतलं, पिकून गेला, आता उशीर करू नका. हे आयकत नाईत."

"काय म्हनतात?"

"म्हनतेत, अक्षर मोठं होऊन राहिलं त डोळा कापाले कायले जाऊ."

पाटी माझी, नंबर चढवणारा हात माझा.

वहिनी म्हणाल्या, "खरं सांगू, भेले हायेत ते. दिघोरीत एकाचं ऑपरेशन बिघडलं होतं. म्हनतेत, माझं बिघडलं त वाचनं जाईन. मंग दुपारी शेठच्या गादीवर मी काय करू? कापडाच्या घड्या घालू?"

मी वहिनींना शब्द दिला की दादाजींना ऑपरेशनला मी तयार करीन. साडीही त्यांनी घेतली, दादाजींना तपकिरी दिसेल अशा काठाची. दादाजींना तो रंग आवडतो म्हणून.

* * *

मधल्या काळात कादंबरी भलतीच रंगली. सुरुवातीचे बंगल्यातले लोक हळूहळू मागे पडले आणि मालनबाई नावाची एक विधवा पुढे आली. धानाची गिरणी चालवणारी, जिभेची तिखट. खुनाचा सुरा तिनं कोंड्याच्या ढिगात लपवला होता. तिच्या मागावरचा इन्स्पेक्टर साकोलीहून एसटीत बसला. गाडी एकोडीजवळ पंक्चर झाली, सगळे प्रवासी उतरून धानाच्या बांधावर बसले आणि इन्स्पेक्टर नेमका मालनबाईशेजारी बसला. तिनं त्याला शिदोरीतली भाकर दिली. आम्ही श्वास रोखून ऐकत होतो.

"लेखक आपल्या भागात फिरला असन," गजू म्हणाला.

"फिरल्याबिगर कसं?" मारोतराव म्हणाले. "दिघोरी फाट्यावरच्या भज्यात ओवा जास्त असते, हे त्याले पुन्याले बसून समजलं काय?"

दादाजी पाटीकडे पाहत म्हणाले, "मेहनती मानूस दिसते."

मला राहवेना. मी मुलीला फोन करून सांगितलं की एवढा अभ्यास करून लिहिणारं माणूस तुमच्या पुण्याकडे आहे हे पाहून बरं वाटलं. ती म्हणाली, "पप्पा, मी वाचलंय ते पुस्तक. त्यात भजी कुठंयत?"

मी म्हटलं, "तू बारीक अक्षरात वाचलं असशील. सुटून गेलं."

* * *

वहिनींना दिलेला शब्द डोक्यात होताच. दादाजींशी सरळ बोलून उपयोग नव्हता. मी धंद्याची युक्ती काढली. गिऱ्हाईक महागाच्या साडीवर अडून बसलं की आपण एकदम नाही म्हणत नाही. एकेक घडी हळूच मागे सरकवत नेतो. मी ठरवलं, रोज बैठकीआधी अक्षर एक नंबर उतरवायचं. एक दिवस दादाजींना दिसणार नाही, ते तसं म्हणतील, की मी लगेच भंडाऱ्याची गोष्ट काढीन.

पहिल्या दिवशी एक नंबर उतरवला. दादाजींनी खणखणीत वाचलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. तसंच खणखणीत. मी उतरवत गेलो. शेवटी अक्षर औषधाच्या बाटलीवर असतं तेवढं झालं. मला स्वतःला तिथे मुंग्या दिसत होत्या. दादाजी अंगठ्याला थुंकी लावून सफाईनं वाचत होते, मालनबाईनं इन्स्पेक्टरला गिरणीचा पट्टा कसा चढवायला लावला ते.

मी थक्क झालो. दुकान बंद करायच्या आधी वहिनींना फोन केला.

"वहिनी, डॉक्टरची काही तरी चूक होऊन राहिली. दादाजींचे डोळे ठणठणीत आहेत. माझ्याहून चांगले."

पलीकडून वहिनी म्हणाल्या,

"भाऊजी, आज सकारी दारात शेजाऱ्याची बकरी उभी होती. हे तिले म्हनाले, या पावने, बसा. मले म्हनाले, चहा ठेव."

* * *

याच सुमाराला गजूला फाँटचं वेड लागलं. पाटीत बाहेरचा फाँट टाकता येतो असं त्यानं मोबाइलवर कुठे तरी पाहिलं होतं. वायर जोडायची, फाँटची फाइल एका खान्यात ठेवायची, झालं. त्याच्याकडे तर फाँटचं गोदामच.

पहिल्यांदा त्यानं टाकला तो लग्नपत्रिकेचा. प्रत्येक अक्षराला वेल, वेलीला फूल, अनुस्वाराच्या जागी अक्षत. पहिल्या प्रकरणातल्या खुनाचं पान आम्ही त्या फाँटात उघडलं. रक्ताचं थारोळं, पालथं पडलेलं प्रेत, आणि सगळीकडे वेलबुट्टी.

मारोतरावांनी बराच वेळ पाहिलं. "आहेर आनाचा आहे की आपली उपस्थिती हाच आहेर?"

दुसऱ्यांदा त्यानं एक जुना फाँट टाकला. तो पाटीला मानवला नाही. पानभर नुसते रिकामे चौकोन उमटले, ओळीनं, काटेकोर. दादाजी त्या दिवशी बाहेरगावी लग्नाला गेले होते. गजू कपाळाला हात लावून बसला. मारोतरावांनी मात्र पाटी उजेडात धरली आणि पहिल्यांदाच कौतुकानं बोलले.

"चौकडा साफ पडला गा. लुंगीले चांगला आहे. याचा काठ कुठं आहे?"

काठ नव्हता. तिथेच ठिणगी पडली.

"फाँट मी काढतो," मारोतराव म्हणाले. "ज्याले काठ काढता येते त्याले अक्षर काहून नाई काढता येनार?"

* * *

मारोतराव आलेखाचा कागद घेऊन बसले. साडीच्या काठासाठी मोर, रुईफूल जसं चौकोन भरून काढतात तसं एकेक अक्षर काढलं. अ, आ, इ. जोडाक्षरांनी त्यांचा घाम काढला. 'ज्ञ' काढायला त्यांना चार दिवस लागले. म्हणाले, दोन मोर सोपे. कागद भरले की गजूकडे जायचे. गजू ते कॉम्प्युटरात उतरवायचा, नुसते चौकोन मोजत, अक्षराकडे न बघता. बाकी घाई एवढी की कोणी एक अक्षरसुद्धा पाटीवर टाकून पाहिलं नाही. मारोतरावांचा आग्रह होता, काठ पूर्ण झाल्याशिवाय मागावरून उतरवायचा नाही. नावही ठरलं. किनारी फाँट.

उद्घाटनाला मी नारळ आणला. दादाजींची गाडी उशिरा होती. आमच्याच्यानं धीर धरवेना, म्हणून गजूनं फाँट टाकला, अक्षर सगळ्यात मोठं केलं आणि पान उघडलं.

प्रत्येक अक्षर उलटं होतं. आरशात दिसावं तसं.

गजू मारोतरावांकडे बघायला लागला. मारोतराव पाटीकडे. मग ते हळूच खाली बसले.

"काठ मागावर उलट्या अंगानं विनतेत. सुलटी बाजू खाली राहते. आपन उलटं काढाचं, कापडावर सुलटं येते. साऱ्या जिंदगीची सवय गा."

"पन हे कापड नाई होय न, काका!"

"माहीत आहे ना मले. हाताले माहीत नोहोतं."

मी व्यापारी माणूस, माल परत करायच्या आधी खपवायचा कसा ते बघतो. दुकानाच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकांसाठी मोठा आरसा आहे. आम्ही पाटी आरशासमोर धरली. अक्षरं लख्ख सुलटी झाली! पण आता ओळ उजवीकडून डावीकडे धावायला लागली, सगळा शब्द शेपटाकडून. तिघं आरशासमोर वाकून एकेक अक्षर जुळवत होतो. एक बाई मुलीसाठी कापड बघायला आत आल्या, आम्हाला तसं पाहिलं आणि दारातूनच परत गेल्या.

तेवढ्यात दादाजी आले. पाटी गादीवर ठेवलेली. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी ती उचलली, अंगठ्याला थुंकी लावली आणि गळा साफ केला.

"तर मंडळी. काल आपन कुठं उतरलो होतो? मालनबाई."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

एक पान. दोन पानं. न अडखळता. मालनबाईनं इन्स्पेक्टरला गिरणीत कोंडलं होतं आणि बाहेरून विचारत होती की जेवायला वरण करू की कढी. दादाजींची नजर पाटीवरच्या उलट्या अक्षरांवरून ओळीनं फिरत होती, पान संपलं की अंगठा पान उलटत होता. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचंही टाळत होतो.

"कोनी मागं राहिलं काय?" दादाजींनी विचारलं. "आज गाडी लईच शांत आहे."

मारोतरावांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. "दादाजी, नवीन फाँट आहे आज. मी काढला. अक्षर कसं वाटलं?"

दादाजींनी पाटी डोळ्यांपासून लांब नेली, जवळ आणली.

"मोत्यासारखं," ते म्हणाले.

* * *

त्या दिवशी त्यांना कोणी काही सांगितलं नाही. आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. नारळ तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्यांच्यासोबत स्टँडपर्यंत चालत गेलो. बकरी, उलटा फाँट, मुंगीएवढं अक्षर, काहीच काढलं नाही. फक्त म्हटलं, "दादाजी, अख्खं थान घेऊ नका. आधी नमुना घ्या."

"कायचा नमुना?"

"एक डोळा करा. पसंत पडला तर दुसरा. नाही पसंत पडला तर दुसरा आहेच तसा."

गाडी लागली, माणसं चढायला लागली. ते दाराच्या दांड्याला हात लावून उभे राहिले. ती पकड अजून कंडक्टरची आहे.

"अन् तवरोक वाचन कोन?"

"कोणीच नाही. गाडी डेपोत."

"गजू हात लावन."

"लावू देणार नाही."

"आन बिघडलं त?"

"बिघडलं तरी जागा तुमचीच. तिकीट काढलेलं आहे."

ते पायरीवर चढले आणि वरून म्हणाले, "तुमच्या वहिनीले सांगा. मी सांगितलं त तिले वाटन, तिचं आयकलं."

* * *

ते भंडाऱ्याला गेले आणि आमच्या दुपारी सुन्या झाल्या. चार दिवस कसेबसे काढले. पाचव्या दिवशी गजू म्हणाला, "शेठ, मालनबाईनं वरन केलं की कढी?"

दादाजींना दिलेला शब्द मी एवढाच वाकवला की वाचायचं नाही, नुसतं बघायचं. साधा फाँट लावला, बारीक अक्षर केलं. गजूनं पुढची पानं चाळली. मग मागची. बंगला, दिवाणखाना, चहा, पुन्हा दिवाणखाना. एसटी नाही, एकोडी नाही, भजी नाहीत. इन्स्पेक्टर होता, पण तो आरामखुर्चीतून उठतच नव्हता.

दादाजी मधलं मधलं मनचं घालत असतील एवढं आम्ही समजून होतो. पण काठ सोडून अख्खं लुगडंच त्यांचं असेल असं वाटलं नव्हतं.

पाटीत शोधायची सोय असते. गजूनं 'मालनबाई' लिहिलं आणि बोट दाबलं. पाटीनं विचार केला. 'काहीही सापडलं नाही.'

मग मारोतराव म्हणाले, "लपली असन. हुशार बाई आहे."

* * *

डोळा छान झाला. वहिनींचा फोन आला तेव्हा आवाज हसरा होता. "बकरीले बकरी म्हनून राहिले," म्हणाल्या.

काळा चष्मा उतरल्यावर दादाजी दुकानात आले ते तक्रार घेऊनच. "शेठ, हिले तुमी तपकिरी काठाची साडी देली होती न? मी चांगल्या डोळ्यानं पाहिली. जांभळा काठ आहे तिचा."

"जांभळाच होता, दादाजी. तपकिरी तुम्हाला दिसत होता."

"मंग ते काहून घालून राहिली होती, मले आवडते म्हनून?"

मी गादीवरचं थान बाजूला सरकवून त्यांना जागा केली. त्यांनी दुकानभर नजर फिरवली. मारोतरावांच्या सदऱ्याचा उसवलेला खांदा, गजूचे पिकायला लागलेले कल्ले, भिंतीवरच्या घड्याळाची धूळ, सगळ्याची हजेरी घेतली. मग आपल्या जागेवर बसले, खिशातून नवा वाचायचा चष्मा काढला आणि हात पुढे केला.

"आना पाटी."

मी दिली. साधा फाँट होता. अक्षराचा नंबर त्यांनी स्वतः उतरवला, खाली, आणखी खाली, आमच्याकडे बघत बघत, पार मुंग्यांपर्यंत. कोपऱ्यातली पानं चारशेच्याही खाली उतरली. आता फसवाफसवी नव्हती. दादाजींना शब्द न् शब्द दिसत होता.

ते वाचू लागले. इन्स्पेक्टर आरामखुर्चीत बसला होता. त्यानं चिरूट पेटवला. खिडकीबाहेर बघितलं. खुनाविषयी विचार केला. दुसऱ्या पानावर तो तोच विचार पुढे करत होता. दादाजी स्वच्छ, खणखणीत, छापल्याबरहुकूम वाचत होते. तिसऱ्या पानावर चहा आला.

गजू नखं कुरतडत होता. मी उगाच एका थानाची घडी मोडून पुन्हा घातली. कोणी 'मंग?' म्हटलं नाही. दादाजींनी नेहमीसारखं थांबून विचारलं, "कोनी मागं राहिलं काय?" आणि आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. आता त्यांना तोंडंही नीट दिसत होती. त्यांचा आवाज जरा उतरला. पुढची ओळ त्यांनी वाचली, पण जागा चुकल्यासारखी.

मारोतराव उठले. त्यांनी दादाजींच्या हातातून पाटी घेतली. त्यांना त्यातलं फारसं कळत नाही, म्हणून गजूला फक्त खुणेनं विचारलं, इथे का? गजूनं मान हलवली. मारोतरावांनी आपला किनारी फाँट लावला. मग अक्षर चढवत नेलं, थेट शेवटच्या नंबरापर्यंत. आता अख्ख्या पाटीवर तीनच शब्द होते, उलटे. पाटी त्यांनी दादाजींच्या मांडीवर ठेवली आणि आपल्या जागी जाऊन बसले.

"आता वाचा, दादाजी."

दादाजी त्या उलट्या अक्षरांकडे पाहत राहिले. एकदा मारोतरावांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग नवा चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि अंगठ्याला थुंकी लावली.

"तर मंडळी. कढी झाली होती. मालनबाईनं गिरणीले कुलूप लावलं, इन्स्पेक्टरले आत ठेवलं, अन् दिघोरी फाट्यावर येऊन एसटीले हात दाखवला."

"मंग?" आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

"मंग काय. गाडी थांबली."